आरंभीची शिल्लक

नगर जिल्ह्यातील एका बाजारगावी किराणा आणि भुसार मालाचा तीन पिढ्यांचा व्यापार असलेले एक शेठ आहेत. वय बावन्न, उंची पाच फूट सहा इंच, वजन एकसष्ट किलो. तंबाखू, सुपारी, बाहेरचे खाणे यांपैकी एकही सवय त्यांना कधी लागली नाही. घरात कंदमूळ येत नाही आणि सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. अशा माणसाला चव्वेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला, आणि पाठोपाठ रक्तदाबही. बाजारात कोणी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असे : "शेठ, तुम्हाला कसा काय?" तो प्रश्न त्यांना औषधापेक्षा कडू लागे. संयमाने वागूनही ज्याच्या खाती दंड जमा होतो, त्याला हिशेबावरच शंका येते. शेवटी पूर्वकर्म म्हणून त्यांनी तो विषय मिटवून टाकला होता.

गेल्या वर्षी पुण्यातील एका तज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि सहज विचारावे तसे विचारले, "जन्माच्या वेळी तुमचं वजन किती होतं?" शेठ हसले. चैत्र महिन्यात, १९७३ साली, गावातल्या घरी झालेला जन्म. त्याची नोंद कुठे असणार? परंतु घरी आल्यावर आईने, जिला घरात सगळे 'बाई' म्हणतात, शांतपणे सांगितले, "तुझ्या आजोबांनी दुकानाच्या तागडीत तोललं होतं तुला. वहीत लिहून ठेवलंय."

दिवाळीच्या वहीपूजनासाठी माळ्यावरची पेटी खाली आली तेव्हा ती वही सापडली. त्या दिवसाच्या नावे-जमेच्या ओळींखाली, समासात, आजोबांच्या बारीक अक्षरात तिथी, वार आणि पुढे एवढेच होते : मुलगा, बारदान वजा जाता दोन किलो शंभर ग्राम. ज्या पंचात बाळ गुंडाळले होते, त्याचेही वजन त्या सावध व्यापाऱ्याने वजा केले होते. अडीच किलोंहून कमी वजनाचे बाळ हे जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे कमी वजनाचे ठरते. पन्नास वर्षे माळ्यावर पडून असलेली ती एक ओळ शेठजींच्या आजाराच्या कागदपत्रांतील सर्वांत जुना कागद ठरली.

अशाच जुन्या नोंदींतून एक मोठे शास्त्र उभे राहिले आहे. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या आरोग्य अधिकारी बाईंच्या देखरेखीखाली सुईणी आणि परिचारिका प्रत्येक बाळाचे जन्मवजन आणि पुढे पहिल्या वाढदिवसाचे वजन वहीत टिपत असत. या वह्या अनेक दशके पडून होत्या. साउदॅम्प्टन येथील डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मिळवल्या आणि त्यांतील बाळांचे पुढे काय झाले याचा शोध घेतला. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मताना आणि वर्षाचे होताना ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त होते. दोन वर्षांनी त्याच परगण्यातील चौसष्ट वर्षे वयाच्या ३७० पुरुषांची साखर तपासली गेली. तेथेही तोच क्रम दिसला : जन्मवजन जितके कमी, तितकी उतारवयात साखर बिघडण्याची शक्यता अधिक.

वैद्यकाला हे नवे होते. मधुमेह आणि हृदयरोग हे सुखवस्तूपणाचे, अतिआहाराचे आणि आळसाचे रोग समजले जात. बार्कर यांचे म्हणणे असे की त्यांचे एक मूळ उपासमारीत, आणि तेही माणूस जन्माला येण्यापूर्वीच्या उपासमारीत आहे. प्रोफेसर हेल्स यांच्यासह त्यांनी १९९२ मध्ये मांडलेला विचार व्यापारी माणसाला लगेच उमजण्यासारखा आहे. भांडवल अपुरे असले की शहाणा व्यापारी सर्व खात्यांत सारखी कपात करीत नाही. ज्यावाचून पेढीच बंद पडेल ते खाते तो आधी सांभाळतो. पोटातील बाळही तेच करते. पोषण कमी पडले की रक्तपुरवठ्याचा मोठा वाटा मेंदूकडे वळवला जातो आणि स्वादुपिंड, यकृत, मूत्रपिंड आणि स्नायू यांच्या वाट्याला उरलेले येते. मूत्रपिंडातील गाळणी-घटकांची संख्या जन्मापूर्वीच ठरते आणि नंतर त्यांत भर पडत नाही. इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा साठाही मुख्यतः आयुष्याच्या अगदी आरंभी उभा राहतो. स्नायू कमी म्हणजे साखर जाळणारी जागा कमी. असे शरीर काटकसरीच्या जगासाठी सिद्ध झालेले असते. पुढे त्याला भरल्या ताटाचे आणि गादीवर बसून करावयाच्या कामाचे जग मिळाले, की चाळिशीच्या आसपास तूट बाहेर पडते.

हा केवळ आकड्यांचा योगायोग नव्हे, याची साक्ष हॉलंडने दिली. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याला साहाय्य व्हावे म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप पुकारला. जर्मन सत्तेने सूड म्हणून देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारे धान्य रोखले. हिवाळा कडक होता, कालवे गोठले, आणि माणशी रोजचा शिधा १,००० उष्मांकांच्या खाली, अनेक आठवडे तर ४०० ते ८०० पर्यंत उतरला. सुमारे वीस हजार माणसे मेली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि ताटे पुन्हा भरली. दुष्काळाला अशी स्पष्ट सुरुवात आणि स्पष्ट शेवट क्वचितच असतो. शिवाय ॲमस्टरडॅमच्या एका रुग्णालयाने त्या काळातील बाळंतपणांच्या नोंदी नीट राखल्या होत्या. पन्नास वर्षांनी त्या बाळांना शोधून तपासले असता गर्भावस्थेत उपासमार सोसलेल्यांची साखर इतरांपेक्षा अधिक बिघडलेली आढळली. गर्भधारणेच्या पहिल्या महिन्यांत ज्यांच्या माता उपाशी राहिल्या, त्यांची जन्मवजने पुढे अन्न मिळाल्यामुळे जवळजवळ सामान्य होती; तरीही त्यांच्यात पुढे हृदयविकार अधिक दिसला. म्हणजे वजन हा केवळ बाहेरचा शिक्का. आतला माल त्यावरून पूर्ण कळत नाही. २००८ मध्ये तर असे दिसून आले, की गर्भधारणेच्या सुमारास उपासमार झालेल्यांच्या एका वाढीशी संबंधित जनुकावरील रासायनिक खुणा, त्यांच्याच सख्ख्या भावंडांच्या तुलनेत, साठ वर्षांनंतरही वेगळ्या होत्या. जनुकाची अक्षरे तीच राहिली. समासातील खुणा मात्र बदलल्या.

या विषयातील पुढचे मोठे काम पुण्यात झाले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील महिलांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवली, आणि त्यांची मुले मोठी होईपर्यंत हा अभ्यास चालू ठेवला. या मातांचे वजन सरासरी बेचाळीस किलोंच्या आसपास होते. त्यांच्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली तेव्हा पुण्याच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो आणि तिकडच्यांचे ३.५ किलो भरले. आश्चर्य याच्या पुढे होते. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटाचा घेर कमी, परंतु त्वचेखालची चरबी जवळजवळ टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त, असे हे भारतीय बाळ. खुद्द डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन यडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी समान. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. एकसष्ट किलोंच्या शेठजींना पडलेल्या प्रश्नाचे उत्तर या छायाचित्रात बरेचसे आहे. तराजू दोघांना सारखेच तोलतो; माल मात्र निराळा असतो.

जैन कुटुंबांनी या अभ्यासातील ज्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, तो आहाराचा आहे. मातांनी किती उष्मांक आणि किती प्रथिने घेतली याचा बाळाच्या वाढीशी ठळक संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांच्याशी. हे पदार्थ वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळे अधिक चांगली वाढली होती. शिवाय सुमारे दोन तृतीयांश मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व वनस्पतीत तयार होत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते. ज्या मातांत ब-१२ कमी आणि फोलेट मात्र भरपूर होते, त्यांची मुले सहाव्या वर्षीच इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. याचा अर्थ गरोदरपणातील फॉलिक ॲसिडची गोळी टाळावी असा मुळीच नाही. बाळाच्या मज्जारज्जूच्या रक्षणासाठी ती आवश्यकच आहे. अर्थ एवढाच, की जोडीला ब-१२ तपासून घ्यावे आणि कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने तेही घ्यावे. औषधातील ब-१२ जिवाणूंच्या साहाय्याने किण्वनाने बनते, प्राण्याच्या मांसातून काढावे लागत नाही. जिलेटिनच्या वेष्टणाचे वावडे असेल त्यांनी वेष्टण नसलेली गोळी मागून घ्यावी.

हे सर्व शेठजींनी एका रविवारी दुपारी घरात समजावून सांगितले. बाई ऐकत होत्या. १९७२ चा पावसाळा कोरडा गेला तेव्हा त्यांना दिवस राहिले होते. गावातली जनावरे विकली गेली, दूध आटले, खडी फोडणाऱ्या मजुरांच्या उधारीने वह्या भरल्या. व्यापाऱ्याचे घर असल्याने धान्याला तोटा नव्हता. पण चौदा माणसांच्या कुटुंबात धाकट्या सुनेच्या वाट्याला काय येत होते, ते त्यांनी प्रथमच सांगितले. "चहापुरतं दूध यायचं. सासरे, दीर, मुलं यांचं झालं की पातेल्याला लागलेलं आमचं. आसोजात मी ओळी केली. नऊ दिवस दूध, तूप, भाजी काही नाही. सातव्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, बेतानं जेव, मूल मोठं झालं तर सुटका अवघड जाते. मला वाटलं, मोठ्यांना कळतं." थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "म्हणजे हे माझ्यामुळे झालं?"

या प्रश्नाला घरात कोणी लगेच उत्तर देऊ शकले नाही. खरे उत्तर असे आहे, की हॉलंडच्या मातांनी उपासमार निवडली नव्हती आणि बाईंनीही ती निवडली नव्हती. एकोणीस वर्षांची सून त्या घरात ना दुधाची वाटणी ठरवीत होती, ना जेवणाची पंगत. जे शास्त्र आईच्या पोटापर्यंत पोहोचते, त्याने तेथेच थांबून आईकडे बोट दाखवले तर ते अर्धवट ठरेल. त्या पोटापर्यंत काय पोहोचते हे संपूर्ण घर ठरवीत असते. शिवाय अनेकांत हा जैन विचाराचा कणा आहे. कोणत्याही कार्याला एकच कारण मानणे त्या विचाराला मान्य नाही. जन्मवजन हे एक कारण. आनुवंशिकता, बालपणची वाढ, व्यायाम, झोप, गादीवरची बैठक ही इतर कारणे. कमी वजनाच्या प्रत्येक बाळाला मधुमेह होत नाही आणि पूर्ण वजनाचा प्रत्येक माणूस त्यातून सुटत नाही. शेठ उठून आईजवळ बसले आणि म्हणाले, "बाई, त्या दुष्काळात तुम्ही मला जिवंत ठेवलंत. दोन किलोंचं बाळ वाचवणं तेव्हा सोपं नव्हतं. बाकी हिशेब माझा मला करू द्या."

आणि तो हिशेब करण्याची वेळ लवकरच आली. यंदाच्या आषाढात घरातील सूनबाईला तिसरा महिना होता. तिने लग्नानंतरच्या पहिल्या पर्युषणात अठाई केली होती आणि यंदाही करण्याचे मनात धरले होते. चातुर्मास असल्याने घरात पालेभाजी बंद, तिथींना हिरवी भाजी बंद, आणि तिला दुधाचा वास नकोसा झालेला. म्हणजे पुण्याच्या अभ्यासाने जे तीन पदार्थ मोलाचे ठरवले, त्यांपैकी दोन तिच्या ताटातून गेलेच होते. तपासणीत ब-१२ कमी आले. डॉक्टरांनी उपवास नको म्हणून सांगितले. सूनबाई गप्प झाली. तिच्या डोळ्यांत आजारी म्हणून सूट घेतल्याची खंत होती, आणि ती खंत खोटी नव्हती. ज्या घरात तप हा सन्मान असतो, तेथे तप न करणाऱ्याला सबब सांगावी लागते.

शेठजींनी चातुर्मासासाठी गावात विराजमान असलेल्या साध्वीजींकडे हा प्रश्न नेला. त्यांनी थोडक्यात समजावले. त्याग आणि तप शक्तीनुसार करावयाचे असतात. 'शक्तीनुसार' हा विचार तत्त्वार्थसूत्रातही सांगितलेला आहे. कल्पसूत्रात त्रिशलामाता गर्भवती असताना अति उष्ण, अति थंड, अति तिखट असे अन्न टाळून गर्भाला हितकर असाच आहार घेत असत, असे वर्णन आहे. तीर्थंकरांच्या मातेने जे केले, ते करणाऱ्या सुनेला कमीपणा कसला? तिने स्वाध्याय करावा, सामायिक करावे, क्रोधाचा उपवास करावा. पोटातल्या जिवाला त्याची संमती न विचारता उपाशी ठेवणे, हा त्याच्यावरचा भार आहे. ते तप नव्हे.

पुढची व्यवस्था बाईंनी स्वतःच्या हाती घेतली. घरातील पंगतीचा क्रम बदलला. सूनबाईचे ताट आता पहिले वाढले जाते. सकाळी नवकारशीनंतर ताजे दही, दुपारी ताक, चार वाजता फळ, सूर्यास्तापूर्वी मूग किंवा तुरीचे घट्ट वरण आणि घरचे पनीर. दुधाचा वास नको, तर त्याची खीर. ब-१२ आणि लोह-फॉलिकच्या गोळ्यांच्या वेळा त्यांनी दिनदर्शिकेवर लिहून ठेवल्या आहेत. पालेभाजीचा नियम या एका चातुर्मासात सूनबाईपुरता शिथिल करावयाचा का, हा निर्णय घराने तिच्यावर सोपवला. तिने नियम पाळायचे ठरवले आणि त्याऐवजी भोपळा, दोडका आणि डाळी वाढवल्या. डॉक्टरांनीही ते मान्य केले. धर्म आणि आरोग्य यांत प्रत्येक वेळी एकाला हरवावेच लागते असे नाही. दोघांना एका ताटात बसवण्यासाठी घरातल्या मोठ्या माणसांनी थोडा वेळ काढावा लागतो.

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. 'दोन जिवांचं खा' म्हणून तूप-साखरेचा मारा करणे हा यावरचा उपाय नव्हे. गरोदरपणात वाढलेली साखरही बाळाला पुढे मधुमेहाकडे ढकलते. तसेच कमी वजनाचे बाळ जन्मले की त्याला लवकर गुटगुटीत करण्याची घरादाराला घाई होते. दिल्लीत १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्या सुमारे दीड हजार मुलांचा तरुणपणापर्यंत मागोवा घेतला गेला. पहिल्या दोन वर्षांत बारीक असून नंतर बालपणात आणि किशोरवयात झपाट्याने वजन वाढलेल्यांतच साखर अधिक बिघडलेली आढळली. अशा बाळाला आईचे दूध, पुढे साधा चौरस आहार आणि खेळायला अंगण हवे. दुकानातून उचललेल्या बिस्किटांचे पुडे नकोत.

मुंबईतील वस्त्यांमध्ये २००६ पासून झालेल्या एका प्रयोगाने आणखी एक गोष्ट शिकवली. दूध, पालेभाज्या आणि फळे घालून केलेला एक खाऊ महिलांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज दिला गेला. एकंदर जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. पण ज्यांनी तो गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी सुरू केला, त्यांच्या बाळांचे वजन थोडे वाढले. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण तर १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आले. तात्पर्य, गर्भ राहिल्याची बातमी कळल्यावर तयारी सुरू करणे म्हणजे हंगाम लागल्यावर भांडवलासाठी धावणे आहे. पुण्यातील संशोधकांनी म्हणूनच पुढचा प्रयोग किशोरवयीन मुलामुलींपासून आरंभिला.

शेठजींच्या घरात सोळा वर्षांची मुलगी आहे. यंदा पर्युषणानंतर तिचेही हिमोग्लोबिन आणि ब-१२ तपासले गेले, दोन्ही कमी निघाले, आणि तिच्यासाठीही रोज दह्याची वाटी सुरू झाली. तिच्या पोटी येणारे मूल अजून कोणाच्या स्वप्नातही नाही. पण त्याच्या खात्याची आरंभीची शिल्लक आताच जमा होऊ लागली आहे. शेठ स्वतः रोज सकाळी पाऊण तास चालतात, दुकानात दर तासाला गादीवरून उठतात आणि औषध चुकवीत नाहीत. पूर्वकर्माचा विषय त्यांनी आता मिटवलेला नाही. ते म्हणतात, "कर्म मानणाऱ्यानं पुरुषार्थ सोडायचा नसतो. जुनी बाकी आपल्या हातात नव्हती. आजची नोंद आहे."

सूनबाईचे दिवस पौषात भरतील. आजोबांची ती वही बाईंनी पुन्हा माळ्यावर जाऊ दिली नाही. ती आता देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात आहे. दररोज दुपारी, दुकानाला जेवणाची सुटी होते तेव्हा, बाई स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसतात आणि नातसुनेचे जेवण पूर्ण होईपर्यंत तेथून उठत नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्याजवळ असे कोणी बसले नव्हते. त्याविषयी त्या कधी बोलत नाहीत. फक्त ताकाची वाटी रिकामी झाली, की पुन्हा भरतात.